भिंत पाहायला निघालेली दुर्बीण
मित्रांनो, कपाटावरच्या खोक्यांमागून डोकावणारी ती काळी, दोन नळ्यांची वस्तू म्हणजे मी, दुर्बीण. माझी डावी नळी अधू आहे. उजवीने मात्र मी अजूनही समोरच्या गच्चीवरच्या माणसाच्या मिशीतला पांढरा केस दाखवू शकते.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाईंनी माझी भिंगं इतकी मन लावून घासली, की मला वाटलं आता आपण ग्रहतारेच पाहणार. पण मला घेतलं एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी, आपल्या दोन मुलांसाठी. नऊ वर्षांची ताई आणि सहा वर्षांचा तिचा धाकटा भाऊ, दोघांचाही एका फुटबॉलच्या गोलरक्षकावर भारी जीव. सगळे त्याला 'भिंत' म्हणत. बाबांनी सामन्याची तिकिटं काढली, मला आणलं, आणि आदल्याच दिवशी भिंतीचं बोट मोडलं. आम्ही दीड तास भलत्याच गोलरक्षकाला निरखून पाहिलं.

पुढे भिंत दूरच्या संघात गेली आणि फक्त रेडिओवर उरली. तेव्हा धाकटा मला डोळ्यांना लावून रेडिओकडे पाहत बसे. बटणं कलिंगडाएवढी दिसत, भिंत काही दिसत नसे. एकदा ताईने मला ओढलं, धाकट्याने सोडलं नाही, आणि मी जिन्यावरून गडगडत थेट चपलांपाशी पोचले. डावी नळी धुरकटली ती तेव्हापासून.

मुलं मोठी झाली. ताई परिचारिका झाली, धाकटा शाळेत भूगोल शिकवू लागला. मी कपाटावर गेले. वर्षातून एकदा खाली उतरायचे, ते गच्चीवरची पाण्याची टाकी वाहतेय का एवढं पाहायला. ज्या भिंगांनी ग्रहतारे पाहायचे, त्यांनी मी टाकीचा कावळ्याने टोचलेला पाइप पाहिला.

मग एके सकाळी, नुकतीच निवृत्त झालेली ताई वर्तमानपत्र घेऊन धाकट्याच्या घरी आली. इस्पितळाच्या मदतीसाठी जुन्या खेळाडूंचा सामना होता. गोलमध्ये भिंत. वय सत्तर.

"मी नाही येणार," धाकटा म्हणाला. "माझ्या डोक्यात तो आहे तसाच राहू दे."

"तुझ्या डोक्यात तो एकवीस वर्षांचा आहे," ताई म्हणाली. "आणि तू सहा वर्षांचा. आरशात बघ जरा."

धाकट्याने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

जागा मिळाली अगदी शेवटच्या रांगेत. पाच-पाच मिनिटं पाळी ठरली. पहिली ताईची.

"आला," ती म्हणाली.

"कसा दिसतो?"

"भिंत रुंद झालीय."

"मग बरंच की. गोल कमी होतील."

पण पहिला चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत गेला. दुसरा आला तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. "उजवा गुडघा पार गेलाय," ताई इस्पितळातल्या आवाजात म्हणाली. "याला खेळायची परवानगी कोणी दिली?" तिसऱ्या गोलनंतर धाकट्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चल, घरी जाऊ. म्हणूनच नको म्हणत होतो."

"आता तुझी पाच मिनिटं आहेत. ती बघ, मग जाऊ."

तिने माझा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला. तेवढ्यात समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. मित्रांनो, पेनल्टी आली की रेडिओवरचा निवेदक दर वेळी एक वाक्य म्हणायचा: 'भिंत आधी डाव्या खांबाला हात लावते, मग उजव्या, मग चेंडूकडे पाहते.' माझ्या उजव्या नळीत तो म्हातारा लंगडत डाव्या खांबाकडे गेला. हात लावला. मग उजव्या खांबाकडे.

"ताई," धाकटा ओरडला, "खरंच लावतो गं."

"बघू," म्हणत तिने मला ओढलं. त्याने सोडलं नाही. शेवटी दोघांनीही एकदमच सोडलं, आणि मी त्याच्या पोटावर उलटी लोंबत राहिले. चेंडूला लाथ बसल्याचा आवाज आला. मग सगळं मैदान गरजलं. पेनल्टी अडली होती, आणि पन्नास वर्षं वाट पाहणाऱ्या मला दिसली ती फरशी, आणि फरशीपासून वीतभर वर उचललेले पंचावन्न वर्षांच्या भूगोल शिक्षकाचे दोन्ही बूट. शेजारी ताईच्या चपलाही वरच होत्या.

घरी जाताना दोघं रस्ताभर भांडले.

"हाताने अडवला."

"पोटाने अडवला. मी परिचारिका आहे, मला पोट कळतं."

मी डोळ्याला असते, तर एका क्षणात निकाल लागला असता. आता तो कधीच लागणार नाही, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही तो नकोच आहे. दर रविवारी ताई याच भांडणासाठी येते आणि जेवूनच जाते.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. भिंगं सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, मऊ कापड घ्या. जिन्यात ओढाओढी करू नका. टाक्या पाहायला मला न्या, माझी ना नाही. आणि ज्याची आयुष्यभर वाट पाहिली तो समोर आला, तर खुशाल मला सोडा आणि टाळ्या वाजवा. फक्त सोडताना माझं तोंड तेवढं मैदानाकडे ठेवा.