मला ऐकू न आलेली दुपार

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. रेडिओ किती जण ऐकतात ते मोजणारा. काडेपेटीएवढा, कमरेला अडकवायचा. प्रत्येक केंद्र आपल्या आवाजात एक बारीक खूण मिसळते. माणसांना ती कळत नाही, मला कळते. कोणते केंद्र किती मिनिटे वाजले ते टिपून मी रोज कार्यालयाला कळवायचो. माझ्या एका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधला जाई.

माझी नेमणूक शिवणकाम करणाऱ्या एका काकूंकडे झाली. त्यांच्या मशीनशेजारी रेडिओ असे. दुपारी दोनला एक निवेदिका श्रोत्यांची पत्रे वाचायची. काकू काजे करता करता ऐकत, मधेच डोळे पुसत. एकदा त्यांचेच पत्र वाचले गेले, तेव्हा त्यांनी शर्टाची बाही उलटी जोडली. एकही दिवस न चुकवणारा मीटर म्हणून कार्यालयात माझे कौतुक होई.

मग काकांना बेकरीत रात्रपाळी लागली. ते दुपारी झोपू लागले. लेकीने काकूंना तोच कार्यक्रम फोनवर, इंटरनेटवरून लावून दिला आणि इअरफोन आणून दिले. रेडिओ कपाटावर गेला. काकू पूर्वीसारख्याच हसत, डोळे पुसत. मला मात्र नुसती मशीनची घरघर ऐकू येई. मी इमानेइतबारे कळवत राहिलो: दुपारी दोन, कोणी ऐकत नाही.

सात महिने असे गेले. एका दुपारी काकूंनी मशीन थांबवले आणि लेकीला सांगितले की कार्यक्रम शुक्रवारी बंद होतोय, श्रोतेच उरले नाहीत म्हणे. लेक माझ्याकडे बघत राहिली.

"आई, याला बाहेरचा आवाज कळतो. तुझ्या कानातलं याला कुठून ऐकू येणार? याच्या लेखी तू सात महिने ऐकतच नाहीयेस."

काकूंनी लगेच कार्यालयात फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणून मलाही ऐकू आले. तिथल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. इंटरनेटवरचे श्रोते दुसरे खाते मोजते, दोन्ही आकडे एकत्र करायचे काम अजून चालू आहे, असे त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता.

शुक्रवारी काकूंनी रेडिओ खाली काढला, पुसला आणि काकांना हलवले.

"आज झोपमोड होईल तुमची."

काका कूस बदलत म्हणाले, "लाव. मोठ्यानं लाव."

तो तास मी मिनिटामिनिटाने टिपला. कार्यक्रम तरीही बंद झाला. पुढच्याच महिन्यात काकूंनी मला परत पाठवले. रागावल्या नाहीत, कापडाच्या तुकड्यात नीट गुंडाळून दिले, याचेच जास्त वाईट वाटले.

आता मी कार्यालयातल्या एका खोक्यात पडून आहे. दमलोय. मित्रांनो, मी एक अक्षरही खोटे कळवले नव्हते. तरी एक विनंती करतो: माझ्यासारख्याने 'कोणी नाही' असे कळवले, तर त्या घराचे दार एकदा वाजवून बघा. काकूंना विचारायला कोणीच आले नव्हते. दुपारी दोनला त्या घरीच असत.