एका रविवारी एकच दालन

मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून पोपटी पत्रा, आत चंदेरी काचेचे भांडे. मित्रांनो, माझा धर्मच जरा विचित्र आहे. पोटात कढत चहा असो की गार पाणी, वरून हात लावून कुणाला काही कळत नाही. खरे सांगायचे तर मलाही फारसे कळत नाही. तेव्हा पुढचे सगळे मी कोरडेपणाने सांगितले, तर रागावू नका.

काचेच्या दोन भिंतींमधली हवा कारखान्यात काढून घेतली, तोच माझा जन्म. पुढे सिकंदराबादच्या बाजारातून एकनाथरावांनी मला घेतले, निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी.

एकनाथराव आणि ताराबाई जवळच्या चिक्कडपल्ली भागात राहत. दोघेही भाविक. कीर्तन कुठेही असो, एकनाथराव पहिल्या रांगेत. मुसी नदीकाठचे मोठे संग्रहालय पाहायचे त्यांच्या मनात आले, तेही पोथीसारखे. "पारायणात घाई केली की पुण्य सांडतं," ते म्हणाले. "एका रविवारी एकच दालन." दालन पाहून झाले की बसने पब्लिक गार्डन गाठायचे. तिथे झाडाखाली चादर, डबा आणि मी.

आता माझे नशीब ऐका. खाण्यापिण्याचे सामान संग्रहालयात नेता येत नसे. मला दाराशी जमा करून ते टोकन घेत. इतके रविवार गेलो, पण एक म्हणून चित्र मी पाहिलेले नाही. जे काही पाहिले ते कानांनी, बागेत. एकनाथराव कीर्तनकारबुवांच्या थाटात उभे राहत, खांद्यावर टॉवेल टाकत आणि सकाळी पाहिलेले रंगवून सांगत.

"आणि त्या संगमरवरी बाईनं पदर सावरला!"

"अहो, दगडाची बाई पदर कशी सावरेल?"

"तू चष्मा शोधत होतीस, तेव्हा सावरला."

"हौ, तुम्हाला बघूनच सावरला असेल."

शेजारच्या चादरींवरची माणसेही हसत. मग ताराबाई चहा ओतत आणि म्हणत, "याला तोड नाही बघा. पहाटेचा चहा दुपारी जीभ पोळतो." एवढेच माझे कौतुक, पण दर आठवड्याला.

पाहता पाहता एकच दालन उरले, चिनी मातीच्या भांड्यांचे. आदल्या दिवशी, शनिवारी, एकनाथरावांच्या छातीत कळ आली. संध्याकाळपर्यंत सगळे आटोपले होते.

मला फळीवर ठेवले. धूळ बसली, बूच वाळून आकसले. मला काही वाटले नाही. ताराबाईही तशाच. जेवत, पूजा करत, कुणी विचारले तर "बरंय" म्हणत. कीर्तनाला जाणे सुटले. मुलगा उदय म्हणे, "आई, चल ना, कुठंतरी फिरून येऊ." त्या म्हणत, "बघू." असे आठ महिने गेले.

मग एका रविवारी नीलिमा, उदयची बायको, सासूजवळ येऊन बसली. ती इथेच, महाराष्ट्राबाहेर वाढलेली, मराठी वाचताना अडखळते.

"आई, पारायण अर्धं सोडलं तर चालतं का?"

"नाही चालत," ताराबाई म्हणाल्या. "पण ते दालन बघितलं की ह्यांचं सगळंच संपलं गं. मग मी काय करू?"

"आणि नाही बघितलं तर काय करणार? चला. मी चहा टाकते."

तिने मला घासले, भरले. संग्रहालयाच्या दाराशी टोकन घेतले. दोन हेल्मेटांच्या मध्ये मी तासभर बसलो. मग आम्ही बागेत आलो.

"कसं वाटलं, आई?"

"काही नाही वाटलं. बशा होत्या. बघितल्या."

नीलिमाने चहा ओतला. कोमट निघाला. ताराबाईंनी तो तसाच प्याला, समोरच्या गवताकडे पाहत.

मग नीलिमाने आपणच गोष्ट सुरू केली. "ती हिरवी बशी बघितली ना? एक बादशहा होता. त्याच्या जेवणात जहर होतं. तर बशी ओरडली, कायकू खातो रे!"

"बशी ओरडत नसते. जहर लागलं की ती तडकते, असं म्हणतात."

"बरं, तडकली. बादशहा घाबरून पळून गेला. संपलं."

"असं कसं संपलं?" ताराबाईंनी पेला खाली ठेवला. "बादशहा एकटा जेवत होता का? मागं वाढपी उभा असणार. जहर त्यानंच कालवलंय. नजर वर उचलत नाहीये तो. बादशहा म्हणाला, बाबा रे, आधी तू एक घास खा..."

आवाज मध्येच चिरकला. डोळ्यांतले पाणी त्यांनी पुसले नाही.

"मग?" नीलिमाने विचारले. "खाल्ला त्यानं?"

"थांब की जरा. घसा तर साफ करू दे," त्या म्हणाल्या, आणि मांडी नीट घालून बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असे गप्प झाले असेल, तर "कसं वाटतंय" म्हणून त्याला सतावू नका. त्याच्या आवडीच्या जागी त्याला घेऊन जा, शेजारी बसा आणि एखादी गोष्ट सांगा. नीट येत नसली तरी सांगा. तुमची चूक त्याला सहन होणार नाही.