मागे न घेतलेला बदल

राजुऱ्याची ज्योत्स्ना लग्नाचे व्हिडिओ काढते. चित्रण साठवायला तिने नवी डिस्क घेतली, ती वेग मोजणाऱ्या एका प्रोग्रामने दाखवलेला आकडा बघून. पहिल्याच लग्नाचं चित्रण उतरवताना डिस्क सुरुवातीला पळाली, आणि मग अशी रांगायला लागली की नवरीकडची माणसं दुकानात बसून पेंगली.

"तुह्या प्रोग्रामनं तर लय वेग दाखवला होता," तिने मैत्रिणीला, रंजीताला, फोन केला. "मंग हे काऊन असं?"

प्रोग्राम रंजीताचा एकटीचा नव्हता. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. ठिकठिकाणची माणसं त्यात भर घालत आणि हैदराबादचा अमर तो सांभाळत असे. रंजीता फावल्या वेळात त्यात दुरुस्त्या करायची. पोटासाठी ती डिस्क बनवणाऱ्या एका कंपनीत होती आणि पोंभुर्ण्याला घरूनच काम करायची.

तिने कोड वाचला. प्रोग्राम थोडंसंच लिहून वेग मोजत होता. स्वस्त डिस्कमध्ये एक छोटा, जलद कप्पा असतो. आलेली माहिती आधी त्यात जाते, आणि कप्पा भरला की डिस्कची खरी चाल दिसते. रंजीताने बदल केला : कप्पा भरून वाहेपर्यंत लिहीत राहायचं आणि नंतरचा वेगही पहिल्याइतक्याच ठळक अक्षरांत दाखवायचा. अमरने शंका विचारल्या, तपासून पाहिलं आणि बदल नव्या आवृत्तीत घेतला.

ती आवृत्ती बाहेर आली आणि ज्या डिस्क उघड्या पडल्या, त्यांत रंजीताच्याच कंपनीची सगळ्यात खपणारी डिस्क होती.

तिचा साहेब आदेश नागपूरचा. तिला कामाला त्यानेच घेतलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा रंजीता अंगणात होती आणि तिची आई गोकुळा बाजारासाठी मासोळ्या साफ करत होती.

"तुह्या बदलात चूक झाली, असं लिहून तो मागे घे," आदेश म्हणाला.

"चूक कुठी हाये, सर?"

"चुकीचा प्रश्न नाई. निदान ती चाचणी आपोआप होऊ देऊ नको. ज्याले पाह्यजे तो चालू करन."

"ज्याले माहीत नाई, तो कसा चालू करन? डिस्क तर तोच घेते."

"विचार कर," आदेश म्हणाला.

रंजीताने खरंच विचार केला. आदेशचं दुसरं म्हणणं तिला रात्रभर फारसं वाईट वाटलं नाही. पण सकाळी तिने अमरकडे नव्याने आलेले बदल पाहिले. एक तिच्या कंपनीकडून आला होता. 'किरकोळ सफाई' असं त्याचं वर्णन होतं. आत मात्र एक ओळ डिस्कचं नाव विचारत होती, आणि नाव कंपनीचं निघालं तर लांब चाचणी गुपचूप वगळत होती.

रंजीताने त्या ओळीखाली, सगळ्यांना दिसेल असं, स्वतःच्या पूर्ण नावाने लिहिलं की ही ओळ काय करते आणि ती का घेऊ नये.

दुपारी आदेशचा फोन आला. "ते पुसून टाक, रंजीता. नाई तर राजीनामा दे."

"पुसत नाई. राजीनामाही देत नाई," ती म्हणाली. "काढाचं असन तर काढा. पण काऊन काढलं, ते लिहून द्या."

लिहून काहीच आलं नाही. संध्याकाळी तिचं कंपनीतलं खातं बंद झालं.

गोकुळा दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. "बाकीचे सारे गप हायेत, तूच काऊन बोलली?" एवढंच तिने विचारलं. पण बाजारात शेजारचा नथ्थू म्हणाला, "बाई, पोरीले घमेंड नडली." तेव्हा गोकुळाने तराजू खाली ठेवला. "घमेंड असन, तर घरची हाये. तुह्याकडून उसनी नाई आणली."

अमरने कंपनीची ओळ नाकारली. कंपनीने मग प्रोग्रामच्या चाचण्यांसाठी दिलेली यंत्रं परत मागितली. त्याने ती पाठवून दिली आणि स्वतःच्या जुन्या यंत्रांवरच काम सुरू ठेवलं.

रंजीताला चंद्रपूरला एका छोट्या ठिकाणी काम मिळालं. पगार कमी, वर बसचे रोजचे धक्के. पहिल्या सुट्टीला तिने आणखी एक बदल पाठवला : मोजणीच्या कोडने डिस्कचं नाव विचारायचा प्रयत्न केला, तर प्रोग्रामची नवी आवृत्ती तयारच होणार नाही.

दुसऱ्याच एका कंपनीच्या इंजिनिअरने त्यावर लांबलचक आक्षेप टाकला. एवढी कडक अट कशाला, जगात कोणीच अशी ठेवत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. रंजीताने तो शेवटपर्यंत वाचला, खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहायला बसली.