पिंजऱ्यावरची चादर

दार वाजलं की आमच्याकडे आधी पिंजऱ्यावर चादर पडायची, मग कडी निघायची. घरमालकाने खोली देतानाच बजावलं होतं, प्राणी-पक्षी चालणार नाहीत. बाबा म्हणाले, छे, आमच्याकडे कुठले. आत्याचा पोपट तेव्हा खाली सामानात, टोपलीत होता.

त्याला आम्ही साहेब म्हणायचो, कारण कामधंदा शून्य आणि आवाज मोठा. आत्या शिलाई मशीनवर बसली की हा तिच्या खांद्यावर. ती पाव चावून मऊ करायची आणि ओठांतून त्याला भरवायची. मी शी म्हटलं की म्हणायची, तुलाही असंच वाढवलंय, विसरलीस का.

मग साहेब पिसं फुगवून गप्प बसायला लागला. डोळे चिकटलेले, शी हिरवी, पाण्यासारखी. आत्या त्याला उबेला शालीत घेऊन झोपायची. तो शालीतच मेला. थोड्या दिवसांनी आत्या तापाने फणफणली. कोरडा खोकला, आणि डोकं फुटतंय म्हणायची.

घरमालकानेच आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. माणूस तसा वाईट नाही, तिथेच घोळ झाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात प्राणी, पक्षी काही? घरमालक शेजारीच उभा. बाबा नाही म्हणाले. आत्यानेही मान हलवली. मी तेव्हा घरी, शिलाई रखडली म्हणून आत्याच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खात होते.

न्यूमोनियाचं नेहमीचं औषध सुरू झालं. उतार काही पडेना. मी कपडे घेऊन गेले तेव्हा आत्याच्या तोंडावर ऑक्सिजन होता. डॉक्टर पुन्हा तेच विचारत होते, घरमालक पुन्हा तिथेच, हातात सफरचंदं. बाबा पुन्हा नाही म्हणाले, इतक्या सहज, की माझं डोकंच फिरलं.

"पोपट होता," मी म्हणाले. "आजारी होता, मेला. तोंडाने भरवायची त्याला."

डॉक्टर बाबांकडे वळले. "हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं." मग नर्सला बोलावून औषध बदललं. पोपटाचे जंतू फुप्फुसात गेले असणार, त्यांना औषध वेगळं लागतं, हे त्यांनी घरमालकालाच समजावलं. बाबा खाली बघत होते.

"अहो, एका पोपटासाठी मी तुम्हाला बाहेर काढलं असतं का?" घरमालक म्हणाला.

"तुम्हीच म्हणाला होतात," बाबा म्हणाले.

औषध चढत होतं. पहाटे आत्या गेली.

सगळं उरकून घरी आलो. मशीनवर एका बाहीचा शर्ट तसाच अडकलेला. तेवढ्यात दार वाजलं. घरमालकाचं खाकरणं मी ओळखते. बाबा उठले, रिकाम्या पिंजऱ्यावर चादर टाकली, आणि मग कडी काढली.