बाबा स्पष्ट आले आहेत

फोटोत बाबांच्या स्वेटरचं तिसरं बटण चौथ्या काजात गेलेलं दिसत होतं. दुसऱ्याच्या जागी आईने लावलेलं वेगळ्या रंगाचं बटणही ओळखू येत होतं. इतके ते स्पष्ट आले होते. बाकी रस्त्याच्या नुसत्या रेघा झाल्या होत्या.

माझा भाऊ प्रवासाच्या मासिकांसाठी शहरांचे रस्ते टिपतो, बहुतेकदा चालत्या बसमधून आणि अजूनही फिल्मवर. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि बस पुढे जाईल तसा कॅमेरा एकाच माणसावर रोखून वळवत राहायचं, ही त्याची पद्धत. माणूस ठळक येतो, मागचं सगळं वाहून जातं. बाबा घरातून निघून गेले त्या दुपारी त्याने असाच एक म्हातारा टिपला. तो आपलाच बाप आहे हे त्याला रीळ धुतल्यावर कळलं. बाबांना तर अलीकडे स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं.

फोटोत ते कंबरेपासून वर होते. मागे वर एक लाल पट्टा, त्याखाली पिवळा आणि त्याखाली सपाट, करडा-हिरवा रंग.

"भिंत आहे," दादा म्हणाला. "वर पाट्या असलेली. शोधू."

पोलिसांनी शवागारात पाहून यायला सांगितलं होतं. दादा म्हणाला, आधी बस. मीही मान डोलावली. तेव्हापासून आम्ही रोज त्याच मार्गावर फिरत होतो. दिसेल त्या भिंतीचे फोटो तो काढायचा.

"काय साहेब, भिंतीशी सोयरीक जुळवताय का?" कंडक्टरने विचारलं. मागची दोघं हसली.

मी फोटो पुढे केला. "आमचे बाबा. हरवलेत."

त्याने फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. मग पुढे जाऊन ओरडला, "ओ उस्ताद, भिंत आली की जरा हळू घ्या!"

"मागच्या गाड्या काय तुझा मामा थांबवणार?" ड्रायव्हर म्हणाला, पण वेग कमी केला.

"हीच," दादा म्हणाला. "हो ना गं?"

"लाल पाटी कुठाय?"

"काढली असेल. तुला सगळं मोजूनमापूनच हवं! बाप आहे तो, तुझ्या प्रयोगशाळेतली नळी नाही."

भिंतीवर ओल होती, फाटक्या जाहिराती होत्या. बस चालताना त्यांच्याही रेघा उमटल्या असत्या. फोटोतल्या करड्या-हिरव्या भागात एकही रेघ नव्हती. हे मला फोटो पाहिला त्याच संध्याकाळी दिसलं होतं. आईसमोर बोलायचा धीर झाला नाही. नंतर दादासमोरही नाही.

बस नदीकडे वळली. इथे काठाला कठडा नाही. पलीकडच्या तीरावर गोदामावर लांबलचक लाल पाटी होती, तिच्याखाली पिवळी आणि त्याखाली करडं-हिरवं पाणी.

दादाने कॅमेरा उचलला. खाली ठेवला.

"इथे भिंत कुठाय?" तो म्हणाला.

"भिंत नव्हतीच, दादा."

"म्हणजे उभे होते फक्त. उभा राहतो माणूस. पुढे गेले असतील. कुणीतरी घरी नेलं असेल, जेवू घातलं असेल..." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू बोल ना काहीतरी! एरवी लगेच चुका काढतेस माझ्या."

माझा फोन वाजला. आई होती.

"जागा सापडली का गं? त्यांच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलंय. ते आले की गार नको मिळायला."

दादाने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नको.

"आई, गॅस बंद कर आणि शेजारच्या काकूंना बोलावून घे," मी म्हणाले. "आम्ही शवागारात चाललोय. बाबांना तिथे शोधायला."