धूरकाकांची थाप

“नाक झाका, पण कान उघडे ठेवा!” खांद्याला फवारणीचं मशीन अडकवून धूरकाका गल्लीत शिरले, की मशीनच्या आधी तेच सुरू होत. “काल एक डास भेटला. केवढा म्हणाल? चपला घालून आला होता! माझा धूर बघितला आणि चपला दारातच टाकून पळाला.”

बायका खो खो हसत. तेवीस वर्षांच्या नोकरीत काकांनी धुरापेक्षा थापाच जास्त सोडल्या, असं त्यांचे साहेबच म्हणत. आपल्या धुराने तीन गल्ल्यांपलीकडचे डास खोकतात, ही एक. नुसत्या वासाने पिंपातल्या अळ्यासुद्धा गार होतात, ही दुसरी. पहिलीवर लोक हसले. दुसरी मात्र त्यांच्या सोयीची होती, म्हणून ती खरी ठरली.

मग टॉर्च घेऊन पिंपात अळ्या आहेत का ते तपासणाऱ्या बाईंना कुणी घरात घेईना. “आमच्याकडे धूर झालाय,” म्हणायचं आणि दार लावायचं. पाणी चौथ्या दिवशी येणार, साठवलेलं ओतून कोण देणार?

त्याच गल्लीतल्या शिंपीणबाईंची थोरली लेक डेंगीच्या तापात सहा दिवसांत गेली.

आठवड्याने काका त्यांच्या दारात उभे राहिले. धाकटी आत शर्टाला बटणं लावत होती.

“बरं झालं आलात,” शिंपीणबाई म्हणाल्या. “चांगला दाट मारा. आता ही एकच उरलीय.”

काकांनी मशीन खाली ठेवलं. “ताई, धुराने उडता डास मरतो, तोही सगळा नाही. पिंपातल्या अळीला काही होत नाही.”

“तुम्हीच तर म्हणाला होतात.”

“थाप मारली होती.”

“काका, आज तरी गंमत नका हो करू.”

काकांनी मोरीजवळचं पिंप अंगणात ओढलं आणि आडवं केलं. “अहो, प्यायचं काय आम्ही?” धाकटी ओरडत धावली.

“माझ्या घरून आणून देतो.”

कोरड्या मातीवर अळ्या थोडा वेळ वळवळल्या, मग थांबल्या. काका घासणी घेऊन खांद्यापर्यंत पिंपात शिरले. “नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटतात, कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. दर आठवड्याला घासायचं, वाळवायचं, पिंपाचं तोंड कापडाने बांधायचं.”

“थोरली घासायची,” शिंपीणबाई म्हणाल्या. “दर रविवारी. तुमचं ते ऐकलं आणि मीच म्हटलं, कशाला हात सोलून घेतेस?”

पिंपातला हात थांबला.

“काका, आमच्याकडे धूर कधी?” कुंपणापलीकडून शेजारीण.

“धुरात काही दम नाही! पिंपं घासा!” आवाज पिंपात घुमून बाहेर आला.

पलीकडे हशा पिकला. “नवीन काढली वाटतं काकांनी!”

शिंपीणबाईंनी बाह्या वर सारल्या आणि पिंपापाशी बसल्या.

“सरका,” त्या म्हणाल्या. “तळाशी तुमचा हात पोचत नाहीये.”