दोनशे सत्तर दिवस

बेबीताई खोटं बोलल्या, आणि तेही सुनेच्या तोंडावर.

"माझा जुना पासपोर्ट? तो केव्हाच हरवला. खडकीचं घर बदललं ना, तेव्हाच," असं म्हणून त्या कोथिंबीर निवडायला लागल्या. पासपोर्ट कुठला हरवतोय! तो त्यांच्याच खोलीत, कपाटात, साड्यांच्या खाली सुखरूप होता. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या बाईला चौथं शील खोटं बोलू नको म्हणतं, हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण गोष्ट नातीची होती, आणि नातीसाठी ही बाई काहीही करायला तयार होती.

झालं होतं असं. बेबीताईंचा एकुलता एक मुलगा प्रफुल्ल सिंगापूरला, जुरोंग ईस्टमधल्या एका कंपनीत इंजिनियर. कंपनी इथलं काम आवरतं घेत होती आणि येत्या जानेवारीपासून त्याला ब्रिस्टलला पाठवत होती. प्रफुल्ल ब्रिटिश नागरिक. बेबीताईही ब्रिटिश, कारण त्यांचे यजमान शिवदास साठच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकला फाउंड्रीत लागले, तिथेच नोंदणी करून नागरिक झाले आणि लग्नानंतर बायकोचीही नोंदणी करून घेतली. सुनेचा, उर्मिलाचा पासपोर्ट भारतीय, पण तिला नवऱ्याच्या नावावर व्हिसा मिळणार होता. उरली नात, ऋग्वेदा. सिंगापुरात जन्मलेली, भारतीय पासपोर्टवाली. ऑक्टोबरच्या तीन तारखेला ती अठरा पूर्ण करणार होती, आणि अठरा झाल्यावर तिला आईबापांचं मूल म्हणून सोबत नेता येत नव्हतं.

"असं कसं? बाप ब्रिटिश, आजी ब्रिटिश, आणि पोरगी नाही?" बेबीताई पहिल्या दिवशी कडाडल्या होत्या. "हे कुठलं शहाणपण म्हणायचं?"

उर्मिलानं समजावलं होतं. ती बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत संशोधक. कुणावर आवाज चढवणं तिच्या स्वभावातच नाही. "आई, प्रफुल्लचा जन्म भारतातला. बाहेर जन्मलेल्याला बापाकडून आलेलं नागरिकत्व स्वतःपुरतं असतं. त्याची मुलंही बाहेरच जन्मली, तर त्यांना ते आपोआप मिळत नाही. तो स्मेथिकला जन्मला असता तर प्रश्नच नव्हता."

झालं. बेबीताईंना आपलं बाळंतपण आठवलं. स्मेथिकला इस्पितळ नव्हतं का? होतं, घरापासून चालत दहा मिनिटांवर. शिवदास म्हणालेही होते, इथेच होऊ दे. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं म्हणून ह्याच बाई हट्टानं नाशिकरोडला गेल्या होत्या. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, आईच्या हातचं न्हाणं. पाच महिन्यांचं पोर घेऊन परत आल्या तेव्हा काय कौतुक वाटलं होतं स्वतःचं. आणि आता त्या लाडवांचा भुर्दंड नातीच्या डोक्यावर बसला होता.

उर्मिलानं मात्र हातपाय गाळले नाहीत. ऑफिसातून आली की जेवण उरकून नियम वाचायला बसायची. एका आठवड्यात तिनं वाट शोधून काढलीच. आजोबा तिथे नोंदणी करून नागरिक झालेले असले, आणि मुलीच्या जन्माआधी केव्हाही बापानं सलग तीन वर्षं तिथे काढलेली असली, तर अठराच्या आत अर्ज करून मुलीची नोंदणी होते. प्रफुल्ल पाच महिन्यांचा असताना गेला तो चार वर्षांनी, फाउंड्री बंद पडल्यावरच परतला होता. म्हणजे तान्हेपणीची वर्षं कामाला येणार होती!

"पण त्याचा पुरावा?" प्रफुल्ल म्हणाला. "मला तर तिथलं काहीएक आठवत नाही. दुपट्यातल्या पोराच्या नावावर काय वीजबिल असणार?"

तेव्हा बेबीताईंनी रुबाबात एक पिवळं कार्ड आणून टेबलावर ठेवलं होतं. तिथल्या बालदवाखान्याचं वजनाचं कार्ड. दर महिन्याची तारीख, वजन आणि नर्सची सही. पोर दोन वर्षांचं झाल्यावर नर्सनं सांगितलं होतं, आता दर महिन्याला यायची गरज नाही. पण बेबीताई जायच्याच. शिवदास कामावर, शेजाऱ्यांची भाषा कळेना, घरात थंडी. दवाखान्यात हीटर होता आणि ती नर्स हसून काहीतरी विचारायची. बेबीताई मान डोलवायच्या, नर्स पोराचं वजन करायची आणि सही ठोकायची. चार वर्षं हे चाललं.

उर्मिला ते कार्ड बघून अक्षरशः उडाली होती. "आई, तुमची कमाल आहे!"

त्या दिवशी बेबीताईंना आपण मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी सुनेनं नियमाची शेपटी वाचून दाखवली. त्या तीन वर्षांत देशाबाहेरचे दिवस दोनशे सत्तरच्या वर जाता कामा नयेत. "मध्ये भारतात येऊन गेला होतात का, आई? तुमच्या जुन्या पासपोर्टवर शिक्के असतील. प्रफुल्लचं नावही त्याच्यावरच चढवलेलं असणार."

दोनशे सत्तर दिवस म्हणजे नऊ महिने. बेबीताईंनी मनात हिशेब केला. आल्या होत्या त्या एकदा. उन्हाळ्याच्या तोंडाला आल्या आणि थंडी पडल्यावर गेल्या. दहा महिने तर नक्की, कदाचित वर्षही. त्यांच्या आठवणीत ती फेरी संपतच नव्हती. म्हणून पासपोर्ट हरवला. म्हणून कोथिंबीर.

चार दिवस घरात सगळं सुरळीत होतं, फक्त बेबीताईंना जेवण गोड लागत नव्हतं. शनिवारी सकाळी प्रफुल्ल आणि ऋग्वेदा सायकली घेऊन ईस्ट कोस्टला समुद्राकाठी गेले, आणि उर्मिलानं कार्डावरच्या तारखा लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या. बेबीताई समोरच भाजी चिरत बसल्या होत्या. मध्येच सुनेची बोटं थांबली.

"आई, इथे ऐंशी सालच्या मार्चनंतर एकदम नोव्हेंबर आहे."

"नर्स आजारी असेल."

"आठ महिने?"

"अगं, त्या लोकांना सुट्ट्या फार!" बेबीताई म्हणाल्या आणि चिरलेलीच फोड पुन्हा चिरायला लागल्या.

दुसरी एखादी असती तर तिथेच सासूला पकडलं असतं. ह्या मुलीनं लॅपटॉप मिटला, उठून दोन कप चहा केला, एक सासूपुढे ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"आई, मी अर्जात खोटं लिहिणार नाही. ते पकडलं गेलं तर ऋग्वेदाला ते दार पुन्हा उघडणार नाही. पण खरं काय ते मला कळलं, तर मी त्यातून वाट काढायचा प्रयत्न करीन. नाहीच निघाली तर दुसरी शोधू. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही, मी लावू देणार नाही."

असं कुणी बोललं की माणूस काय करणार! बेबीताई उठल्या, खोलीत गेल्या आणि साड्यांखालचा निळा पासपोर्ट आणून त्यांनी सुनेच्या पुढ्यात टाकला.

"घे. मी खोटं बोलले. आले होते मी. वर्षभर राहिले असेन. माझ्याच पायानं पोरीची वाट अडली, पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही."

"दुसऱ्यांदा कशाला आला होतात?"

बेबीताईंनी चहाचा कप बाजूला सारला. पंचेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते गेले, आणि उरलेल्यांना माहीतच नव्हतं.

"बाळंतपणाला. दुसऱ्या. मुलगी झाली होती. अकरा दिवसांची झाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, आईनं पाळणा मागून आणून ठेवलेला. आमच्यात कुणी पुन्हा तिचं नाव काढलं नाही. म्हणजे नाव ठेवलंच नव्हतं, तर काढणार काय! हे स्मेथिकला. तार गेली त्यांना. मी परत गेले तेव्हा तेही काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. प्रफुल्ल तीन वर्षांचा नव्हता, त्याला काय कळणार."

उर्मिलानं त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग तिनं डोळे पुसले आणि पासपोर्ट उघडला. बेबीताईंना क्षणभर राग आला, आत्ता लगेच हे कशाला? पण सून भरल्या डोळ्यांनीच शिक्के शोधत होती.

"मुंबईत उतरलात बावीस मार्चला. एकवीसला तिथून निघाला असणार," ती पुटपुटली. "आणि परत निघालात... आई, सात नोव्हेंबर!"

तिनं कागद ओढला आणि महिने मांडले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मग लॅपटॉपवर मोजलं. बेबीताईंचा जीव टांगणीला लागलेला.

"दोनशे तीस."

"म्हणजे?"

"म्हणजे चाळीस दिवस शिल्लक आहेत. चालतंय, आई! चालतंय!"

बेबीताईंचा विश्वासच बसेना. "नीट बघ. मला चांगलं आठवतंय, वर्ष गेलं माझं तिथे."

"साडेसात महिने. हे बघा, शिक्का आहे. नोव्हेंबरातच कशा काय निघालात? तिकीट तेव्हाचं होतं?"

"छे! आई सोडत नव्हती. म्हणाली, सहा डिसेंबर होऊ दे, सगळ्यांबरोबर चैत्यभूमीला जाऊन येऊ, मग जानेवारीच्या शेवटी जा. भाऊ तर भांडला माझ्याशी. पण मला त्या खोलीत राहवेना. रिकामा पाळणा परत न्यायलाही कुणी आलं नव्हतं. मी एकटी मुंबईला गेले, तिकीट बदलून आणलं आणि पोराला घेऊन विमानात बसले. सगळे म्हणाले, बाईला काळीज नाही."

उर्मिला एकदम ताठ बसली. "जानेवारीच्या शेवटी निघाला असता तर तीनशेच्या वर गेले असते. तीच एक फेरी, आणि कुठूनही तीन वर्षं धरली तरी ती मध्ये येतेच. आई, ऐका माझं. तुम्ही वाट अडवली नाहीत. तुम्ही त्या दिवशी उठून निघालात, म्हणून ऋग्वेदाचा अर्ज होतोय."

बेबीताई सुनेकडे बघतच राहिल्या. ह्याच मुलीला त्या आपल्या नणंदांपुढे 'कागदातला किडा' म्हणायच्या. नऊ वर्षं एका घरात राहून आपल्याला ही कळली नाही, ह्याची त्यांना लाज वाटली. आणि मग लाजेबिजेचं सोडून त्या ढसाढसा रडल्या, जुलैच्या सकाळी, चौदाव्या मजल्यावर, अर्धवट चिरलेल्या दुधीसमोर.

जरा वेळानं उर्मिलानं विचारलं, "बारसं झालं असतं तर नाव काय ठेवणार होतात?"

"कुणाला सांगितलं नव्हतं मी." बेबीताईंनी पदरानं नाक पुसलं. "जाई."

अर्जासोबत एक पत्र जोडायचं होतं, मधल्या गैरहजेरीचं कारण सांगणारं. ते उर्मिलानं त्याच दुपारी लिहिलं. प्रफुल्ल ईस्ट कोस्टहून घामाघूम होऊन आला तर तिनं पत्र सहीसाठी त्याच्या हातात दिलं. तो उभ्याउभ्याच वाचायला लागला, पेन उघडलं आणि थांबला.

"आई, हे काय? जाई? मला बहीण होती?"

"होती. अकरा दिवस."

तो खुर्चीत बसला. "मला कधी सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलंच नाही रे. तुझ्या बायकोनं विचारलं."

प्रफुल्लनं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सही केली, आणि जाऊन आईच्या पायाशी जमिनीवर बसला. ऋग्वेदा हेल्मेट काढून दारात उभी होती. तिला काय चाललंय ते कळेना, पण आजीचे लाल डोळे बघून ती गुमान आत आली आणि आजीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

अर्ज जुलै संपायच्या आत गेला. आजोबांचं नोंदणीपत्र, खडकीच्या विहारात झालेल्या त्यांच्या लग्नाचा दाखला, प्रफुल्ल आणि ऋग्वेदाचे जन्मदाखले, वजनाचं कार्ड, पासपोर्टची सगळी पानं, कोरीसुद्धा. उर्मिलानं प्रत्येक कागदाला क्रमांक दिला होता आणि तीनदा तपासला होता. बेबीताई आता तिच्या शेजारी बसून चौथ्यांदा तपासायच्या, इंग्रजी येत नसताना. ऑक्टोबर उलटला, ऋग्वेदा अठराची झाली, केकही कापला. पण अर्ज वेळेत पोचलेला होता, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. तरी घाबरत सगळेच होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईमेल आली. ऋग्वेदा आपल्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळतच स्वयंपाकघरात शिरली. "आजी! Approved lah! मी पण येणार!"

आता फक्त शपथेचा कार्यक्रम बाकी होता, तो इथेच हायकमिशनमध्ये होणार होता. प्रफुल्लला फोन झाला, तो ऑफिसातच ओरडला म्हणे. पोरीनं आजीला गरागरा फिरवलं. उर्मिला मात्र ओट्याला टेकून नुसती उभी होती. पाच महिन्यांचा शीण तिच्या अंगावर एकदम आल्यासारखा दिसत होता. बेबीताई तिच्याजवळ गेल्या, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "पोरी, माझ्या पोटची असतीस तरी ह्याहून जास्त काय केलं असतंस!"

"तुम्ही खरं सांगितलंत म्हणून झालं, आई."

बेबीताई वळल्या, पुन्हा थांबल्या. काहीतरी विचारायचं होतं.

"उर्मिला, तिकडच्या त्या साहेबानं आपलं पत्र वाचलं असेल ना गं? की नुसतेच शिक्के बघितले असतील?"

"वाचल्याशिवाय कसं देतील? नक्की वाचलं असणार."

"सगळं?"

"सगळं."

"म्हणजे जाईचं नाव वाचलं त्यानं," बेबीताई म्हणाल्या, आणि सुनेला मिठी मारून तिथेच उभ्या राहिल्या.